जूनचा हप्ता आणि एकाआड एक गोळी

यावल तालुक्यातले एक केळी उत्पादक लिहितात: "धाकट्या भावाला तीन वर्षांपासून सीएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर आहे. इमॅटिनिब चालू आहे. बीसीआर-एबीएलचा, म्हणजे रक्तात या कॅन्सरचं जनुक किती उरलंय त्याचा आकडा 0.1 टक्क्याच्या आत होता, यंदा 2 टक्क्यांवर गेला. लॅबच्या माणसाने भावाची आणि घरातल्या तिघांची जनुकीय तपासणी 84,000 रुपयांत सुचवली आहे. सव्वा लाखाची एफडी मोडू का? जूनमध्ये पॉलिसीचा 60,000 चा हप्ता भरला, त्यामुळे दोन महिने गोळ्या एकाआड एक दिल्या. पॉलिसीत कॅन्सरही कव्हर आहे, असं एजंट म्हणतो."

पॅकेज घेऊ नका. सीएमएलमध्ये 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात, पण हा बिघाड रक्तपेशीत जन्मानंतर होतो. तो आईबापांकडून येत नाही, मुलांना जात नाही. तिघांची तपासणी कशासाठी, हे लॅबवाल्यालाच विचारा.

आता गोळ्यांचं. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत, मी मात्र तिथेच अडलो. आकडा वाढला की डॉक्टर आधी विचारतात, गोळी रोज घेतो का? तेव्हा खरं सांगितलंत का? नसेल, तर उद्याच फोन करा. गोळी चुकल्यानेही आकडा चढतो. डॉक्टरांना ते कळलं नाही, तर औषध लागू पडत नाही असं वाटून म्युटेशनची, म्हणजे औषधाला दाद न देणारा बदल जनुकात झालाय का याची तपासणी आणि मग महागडी गोळी, अशी साखळी सुरू होते. भावाला म्युटेशनची तपासणी लागेलही, पण ते डॉक्टर ठरवतील, कमिशनवाला लॅबचा माणूस नाही.

तुमच्याच आकड्यांनी हिशेब करू. गोळ्या महिन्याला 2,000, म्हणजे वर्षाला 24,000. दर तीन महिन्यांची तपासणी 5,000, म्हणजे 20,000. जाण्यायेण्याचे धरून साधारण 55,000. एका हप्त्यात भावाचं वर्ष निघतं. आणि हप्ता कशाचा? 10 वर्षांत 6 लाख भरायचे, 15 व्या वर्षी 9 लाख मिळणार. चार टक्केसुद्धा पडत नाहीत! एफडी बरी की हो. दोन महिन्यांच्या अर्ध्या गोळ्यांचे वाचले किती? 2,000 रुपये.

चार हप्ते झालेत, पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून भरलेल्या पैशांपुरती चालू ठेवा. सरेंडर व्हॅल्यूचा, म्हणजे पॉलिसी मोडली तर किती मिळतील तो आकडाही शाखेतून लेखी घ्या, एजंटच्या तोंडून नको. एफडीतले 60,000 भावाच्या नावाने बाजूला ठेवा, हात लावू नका. महात्मा जोतिबा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कव्हर आहे; त्यात काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. तपासणी दर वेळी एकाच लॅबमध्ये करा. शनिवारी दुपारी रक्त देऊ नका. कुरिअरमध्ये रविवारभर पडून राहिलं तर नमुना खराब होतो आणि 5,000 पाण्यात.

पॉलिसीची प्रत मी वाचली. विमा तुमच्या नावावर आहे आणि तोही फक्त मृत्यूचा. कॅन्सरचं पान कुठलं, ते एजंटला बोट ठेवून दाखवायला सांगा.