वाचक विचारतात : वादग्रस्त निवडणूक आणि बाहेरचा पाठिंबा

प्रश्न : बेलारूसमध्ये २०२० च्या निवडणुकीनंतर लोक प्रचंड संख्येने रस्त्यावर उतरले, युरोपने निकाल नाकारला, निर्बंध लादले, तरी राष्ट्राध्यक्ष लुकाशेन्को सत्तेवर कायम राहिले. आम्हा सातारकरांना अशा वेळी रंगो बापूजी आठवतात. छत्रपती प्रतापसिंहांची कैफियत घेऊन ते लंडनला गेले, कित्येक वर्षे तिथे झगडले आणि रिकाम्या हाताने परतले. बाहेरच्यांचा पाठिंबा तोंडदेखलाच असतो, असे समजावे काय?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : आपण दिलेला दाखला मोलाचा आहे, मात्र तो इथे पुरता लागू पडत नाही. १८३९ मध्ये प्रतापसिंहांना गादीवरून काढून काशीला पाठवले ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने, आणि रंगो बापूजी दाद मागत होते ती त्याच कंपनीच्या भागधारकांपुढे व ब्रिटिश पार्लमेंटपुढे. जोसेफ ह्यूम यांच्यासारख्या सभासदांनी त्यांची बाजू हिरिरीने मांडली. परंतु कंपनीवर बाहेरून दडपण आणू शकेल अशी तिसरी सत्ता कुठेच नव्हती. प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीतच वारले आणि पुढच्याच वर्षी साताऱ्याचे राज्य खालसा झाले. आजच्या आंदोलनांना अशी तिसरी सत्ता लाभू शकते. ती किती जवळची आहे आणि राज्यकर्ता कोणाच्या जिवावर उभा आहे, यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते.

दोन राज्यकर्ते शेजारी ठेवून पाहावेत. लुकाशेन्को आणि पश्चिम आफ्रिकेतील गांबियाचे याह्या जामेह हे दोघेही जुलै १९९४ मध्ये सत्तेवर आले, पहिले निवडणुकीने आणि दुसरे लष्करी बंडाने. गांबियातील मतदानाची पद्धत मोठी मजेशीर होती. प्रत्येक उमेदवाराचा वेगळ्या रंगाचा पत्र्याचा पिंप असे आणि मतदार त्याच्या नळीतून काचेची गोटी आत सोडत असे. गोटी आतल्या घंटीवर आपटून एकदाच आवाज झाला म्हणजे एकच मत पडले, हे बाहेर बसलेल्या अधिकाऱ्यांना कळे. १ डिसेंबर २०१६ रोजी या गोट्यांनी जामेह यांना हरवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पराभव मान्य केला, विजयी उमेदवार अदामा बॅरो यांना फोन करून शुभेच्छाही दिल्या, आणि आठवडाभरातच शब्द फिरवून निकाल अमान्य असल्याचे जाहीर केले.

यानंतर जे घडले ते प्रामुख्याने शेजाऱ्यांनी घडवले. गांबिया तीन बाजूंनी सेनेगलने वेढलेला चिंचोळा देश आहे. पश्चिम आफ्रिकी देशांच्या इकोवास या संघटनेने आधी समजुतीचा मार्ग धरला, राष्ट्राध्यक्षांची शिष्टमंडळे पाठवली, आणि सोबतच सैन्याची जमवाजमवही सुरू केली. १९ जानेवारी २०१७ रोजी बॅरो यांचा शपथविधी सेनेगलची राजधानी डाकार येथील गांबियाच्या दूतावासात झाला. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने त्यांना मान्यता देणारा ठराव एकमताने संमत केला आणि सेनेगलचे सैनिक सीमा ओलांडून आत शिरले. गांबियाच्या सेनाप्रमुखांनी आपले जवान लढणार नसल्याचे सांगून टाकले होते. २१ जानेवारीला जामेह विमानात बसून देशाबाहेर गेले. सुरक्षा परिषदेच्या ठरावात बळाच्या वापराला उघड परवानगी नव्हती, हे इथे मुद्दाम नोंदवतो, कारण जामेह यांना हलवणारे वजन न्यूयॉर्कपेक्षा डाकारचे होते.

बेलारूसमध्ये शेजाऱ्याचे वजन उलट्या पारड्यात पडले. सरकारी आकड्यांप्रमाणे ९ ऑगस्ट २०२० च्या निवडणुकीत लुकाशेन्को यांना सुमारे ८० टक्के आणि विरोधी उमेदवार स्वेतलाना तिखानोव्स्काया यांना जेमतेम १० टक्के मते मिळाली. पहिल्या काही दिवसांतच सहा हजारांहून अधिक लोकांना अटक झाली आणि तिखानोव्स्काया यांना लिथुआनियात जावे लागले. युरोपीय संघाने १९ ऑगस्टला निकाल अमान्य केला. पण सप्टेंबरमध्ये पुतिन यांनी लुकाशेन्को यांना दीड अब्ज डॉलरचे कर्ज देऊ केले, आणि त्याआधीच गरज पडल्यास पाठवण्यासाठी रशियन पोलिसांची राखीव तुकडी तयार असल्याचे सांगितले. ज्या राज्यकर्त्याचे तेल, वायू, कर्ज आणि बंदोबस्त एकाच मोठ्या शेजाऱ्याकडून येतात, त्याला ब्रुसेल्सचा, म्हणजे युरोपीय संघाचा, निषेध फारसा बोचत नाही.

म्हणून तो पाठिंबा तोंडदेखला होता असे मात्र मी म्हणणार नाही. लिथुआनियातील विल्नियस आणि पोलंडमधील वॉर्सा येथे आश्रय मिळाल्यामुळे चळवळीचे नेतृत्व आणि देश सोडावा लागलेले पत्रकार काम चालू ठेवू शकले. तुरुंगातील छळाची अधिकृत नोंद झाली. मानवाधिकार कार्यकर्ते आलेस बियालियात्स्की यांना २०२२ मध्ये नोबेल शांतता पारितोषिकात वाटा मिळाला तेव्हा ते कोठडीत होते. सत्ता बदलणे आणि माणसे विस्मरणात जाऊ न देणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि दुसरे काम दूरचा मित्रही करू शकतो.

प्रश्न : भारत लोकशाही देश असून म्यानमारच्या आंदोलकांची बाजू उघडपणे का घेत नाही?
— एक वाचक, मिरज

उत्तर : म्यानमारच्या लष्कराने २०२० च्या निवडणुकीत मतदारयाद्यांचा घोळ झाल्याचे कारण पुढे करून १ फेब्रुवारी २०२१ रोजी सत्ता बळकावली. जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतील निषेधाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. विरोधात एकच मत पडले, आणि ते बेलारूसचे होते! भारताची म्यानमारशी सोळाशे किलोमीटरहून लांब सीमा आहे. ईशान्येकडील बंडखोरांचा बंदोबस्त करण्यासाठी तिथल्या लष्कराचे सहकार्य लागते, आणि आपण हात काढला तर ती जागा चीन घेईल ही धास्तीही आहे. हे हिशेब खरे असले तरी आपल्या देशातून गेलेला खरा पाठिंबा मला मिझोरममध्ये दिसतो. लोंढे थोपवा असे केंद्राने कळवलेले असतानाही तिथल्या गावकऱ्यांनी, चर्चने आणि राज्य सरकारने हजारो निर्वासितांना थारा दिला.

प्रश्न : बेलारूसवरील निर्बंधांमुळे पोटॅश महागले, असे आमच्या खतविक्रेत्याने सांगितले होते. त्या भांडणाची किंमत वाळव्याच्या शेतकऱ्याने का मोजावी?
— एक ऊस उत्पादक, वाळवा (जि. सांगली)

उत्तर : खतविक्रेत्याने थाप मारलेली नाही, मात्र ते कारण एकटे नव्हते. आपल्याकडे पोटॅश जवळजवळ सगळेच बाहेरून येते, आणि ते पुरवणाऱ्या मोजक्या देशांत कॅनडा व रशियाबरोबर बेलारूस येतो. मे २०२१ मध्ये एका पत्रकाराला पकडण्यासाठी लुकाशेन्को यांनी प्रवासी विमान मिन्स्कला उतरवायला लावले, त्यानंतर निर्बंध पोटॅशवर आले. फेब्रुवारी २०२२ पासून लिथुआनियाने आपल्या क्लाइपेडा बंदराकडे जाणारी वाहतूक बंद केली, आणि त्याच महिन्यात युक्रेनवरील आक्रमणाने रशियाचा पुरवठाही अडचणीत आला. ५० किलोची गोणी सतराशे रुपयांवर गेली ती या सगळ्यामुळे. उसाच्या भरणीला ‘दहा सव्वीस सव्वीस’ हे मिश्रखत टाकणाऱ्यालाही त्याची झळ बसली, कारण त्यातही पोटॅश असते.

आपली तक्रार रास्त आहे. निर्बंध लादणाऱ्यांनी तिसऱ्या देशातील शेतकऱ्याचा विचार पुरेसा केला नाही, असे माझेही मत आहे. त्याच पोटॅशच्या बदल्यात पुढे माणसे सुटली, हेही खरे. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने पोटॅशवरील आपले निर्बंध उठवायचे ठरवले आणि बियालियात्स्की, विरोधी नेत्या मारिया कोलेस्निकोवा यांच्यासह १२३ जणांची सुटका झाली. मात्र त्यांना घरी जाऊ दिले नाही. बहुतेकांना युक्रेनमध्ये आणि काहींना लिथुआनियात धाडण्यात आले. आणखी शेकडो राजकीय कैदी तुरुंगातच राहिले, तेव्हा पुढच्या सौद्यासाठी लुकाशेन्को यांच्या हाती माल शिल्लकच आहे.