पहिला घडीचा चाकू घेताना

चोरबाजारात मटण स्ट्रीटवर जुना घडीचा चाकू दिसला की लगेच भाव विचारू नकोस. आधी उघडून बघ. स्लिपजॉइंटला, म्हणजे अशा साध्या घडीच्या चाकूला, पातं अडकवून ठेवणारा खटका नसतो, पातं मागच्या स्प्रिंगच्या दाबावर उभं राहतं. सगळा जीव त्या स्प्रिंगमध्ये. पूर्ण उघडल्यावर टक् असा आवाज यायला हवा. पातं आडवं हलवून बघ, खुळखुळलं तर ठेवून दे. मग उजेडाकडे धर, पातं आणि स्प्रिंग यांच्यात फट दिसते का ते पाहा. पात्याच्या बुडाशी कारखान्याचा शिक्का असतो. तो झिजून पुसट आणि पातं मात्र लखलखीत, म्हणजे कुणीतरी ग्राइंडरवर 'नवा' केलाय. त्यापेक्षा काळवंडलेलं पातं केव्हाही बरं. चाकूंसाठी नावाजलेल्या इंग्लंडमधल्या शेफील्डच्या नुसत्या नावावर भुलू नकोस.

खरं तर सुरुवात व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या साध्या चाकूने कर, स्टेनलेस आहे. कार्बन स्टील आपल्या पावसाळ्यात बघता बघता गंजतं. घेतलंसच तर सांध्यात मिनरल ऑइलचा थेंब सोड, चामड्याच्या म्यानात ठेवू नकोस, ते ओल धरतं. सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या एका प्लास्टिकची, मूठ असेल तर तो चाकू वेगळा ठेव. ती खराब होताना सुटणाऱ्या वायूने शेजारची पाती गंजतात. आणि नवी खरेदी खिशात घालून मेट्रोला जाऊ नकोस, तपासणीतच अडवू शकतात.