पहिल्यांदा ट्रेड शोमध्ये स्टॉल लावताय? आधी बोलणं ठरवा, बॅनर नंतर

तुमचा प्रश्न वाचला. बॉल व्हॉल्व्ह बनवता, युनिट छोटं आहे, पहिल्यांदाच ट्रेड शोमध्ये ९ चौरस मीटरचा स्टॉल बुक केलाय, तीन दिवसांचा शो आहे, दोन महिने हातात आहेत आणि विचारलंय की बॅनर कसा करू, ब्रोशर किती छापू, टीव्ही स्क्रीन भाड्याने घेऊ का. मी आधी स्टॉल उभारणाऱ्यांच्या बाजूने काम केलंय आणि नंतर बरीच वर्षं एक्झिबिटर म्हणून उभा राहतोय, त्यामुळे सविस्तरच लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

तुमचे तिन्ही प्रश्न नंतरचे आहेत. आधी एका कागदावर लिहा की शो संपला त्या संध्याकाळी तुमच्या हातात काय असायला हवं. "चार लोकांत नाव व्हावं" असं नका लिहू, त्यावरून पुढचं काहीच ठरत नाही. डीलर हवेत का, की पाइपिंगची कामं घेणारे कॉन्ट्रॅक्टर, की थेट कारखान्यातले मेंटेनन्सवाले? कारण प्रत्येकाशी बोलणं वेगळं असतं. डीलर आला की तो मार्जिन विचारणार, उधारी किती दिवसांची, माल किती दिवसांत मिळेल हे विचारणार. मेंटेनन्सवाला विचारणार सीट (बॉल ज्यावर घट्ट टेकतो ती आतली कडी) किती टिकते, स्पेअर सुटे मिळतात का. पर्चेसवाल्याला टेस्ट सर्टिफिकेट बघायचं असतं. हे एकदा ठरलं की बॅनरवर काय लिहायचं, टेबलवर काय ठेवायचं आणि स्टॉलवर कोणाला उभं करायचं हे आपोआप ठरत जातं.

आणि "स्टॉलवर विक्री किती झाली" हा हिशेब डोक्यातून काढून टाका. जर्मनीतल्या लाइपझिगच्या जत्रेत शेकडो वर्षं व्यापारी माल लादून आणायचे आणि तिथेच विकायचे, मग १८९५ मध्ये तिथे नमुन्यांची जत्रा सुरू झाली, म्हणजे जत्रेत फक्त नमुना दाखवायचा, ऑर्डर घ्यायची आणि माल नंतर कारखान्यातून पाठवायचा. आजचे ट्रेड शो त्याच पद्धतीवर चालतात. तिथे माल विकला जात नाही, तिथे ओळख होते आणि बोलणं सुरू होतं.

आता साधं गणित करू. तीन दिवस, रोज आठ तास, स्टॉलवर दोन माणसं, म्हणजे ४८ तास झाले. त्यातला निम्मा वेळ जेवण, पाणी, रिकामा हॉल आणि नुसतेच पेन मागायला येणारे यात जातो असं धरा. उरले २४ तास. एका नीट बोलण्याला दहा मिनिटं लागतात, म्हणजे सगळं जमून आलं तरी दीडशेच्या आसपास बोलणी होतील, त्याच्यावर नाहीच. ब्रोशर किती छापायचे याचं उत्तर यातच आलं, हजारोंचे गठ्ठे छापू नका. एक पानी माहितीपत्रक थोडं जास्त ठेवा आणि पूर्ण कॅटलॉग मोजकेच, ज्याच्याशी खरंच बोलणं झालं त्यालाच द्यायचे. बाकीच्यांना क्यूआर कोड पुरतो.

एक्झिबिटर मॅन्युअल, म्हणजे स्टॉलवाल्यांसाठी ऑर्गनायझरचे नियम आणि फॉर्म, आलं असेल तर आजच उघडा आणि सगळ्या शेवटच्या तारखा कॅलेंडरमध्ये टाका. लोक हे मॅन्युअल शोच्या आठवड्यात उघडतात आणि मग प्रत्येक गोष्टीला लेट चार्ज भरतात. शेल स्कीम, म्हणजे ऑर्गनायझरने उभारून दिलेला तयार स्टॉल, घेतली असेल तर साधारण मागच्या आणि बाजूच्या भिंती, कार्पेट, वर नावाची पट्टी म्हणजे फॅशिया, टेबल, दोन खुर्च्या, थोडे स्पॉटलाइट आणि एक प्लग पॉइंट मिळतो, पण प्रत्येक ऑर्गनायझरचं वेगळं असतं म्हणून यादी बघूनच घ्या. फॅशियावरच्या नावाचा फॉर्म वेगळा असतो, तो भरला नाही तर बुकिंगवर जे नाव आहे तेच छापून येतं आणि गिऱ्हाईक तुम्हाला ज्या ब्रँडने ओळखतं तो ब्रँड कुठेच दिसत नाही. विजेचा लोड किलोवॅटमध्ये आधी कळवावा लागतो, सिंगल फेज की थ्री फेज तेही. तुम्ही व्हॉल्व्ह चालवून दाखवायला पाण्याचा किंवा हवेच्या दाबाचा टेस्ट रिग आणणार असाल तर त्याची लेखी परवानगी आधीच घ्या, सेटअपच्या दिवशी सेफ्टीवाले ऐकून घेत नाहीत. रात्री हॉलची वीज बहुतेक ठिकाणी बंद करतात हेही लक्षात असू द्या.

बॅनरकडे येतो. शेल स्कीमचं पॅनेल बहुतेक ठिकाणी १ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच असतं, पण अॅल्युमिनियमच्या खांबांत कडा जातात त्यामुळे दिसणारा भाग त्यापेक्षा कमी असतो. ऑर्गनायझरकडून दिसणाऱ्या मापाचं ड्रॉइंग मागून घ्या, त्याशिवाय प्रिंटिंगला देऊ नका, नाहीतर फोन नंबरचा शेवटचा आकडा खांबाखाली जातो. भिंतीत खिळा, स्क्रू चालत नाही, डबल साइड टेप किंवा हुकवरच भागवावं लागतं, तेव्हा वजनदार काही लटकवायचं ठरवू नका. अक्षरांचा ढोबळ हिशेब असा की ३ मीटरवरून आरामात वाचायचं असेल तर अक्षर निदान अडीच सेंटिमीटर उंच हवं, आणि मुख्य ओळ तर त्याच्या कितीतरी पट मोठी. कमरेच्या खाली काहीही महत्त्वाचं छापू नका, तिथे टेबल येतं, माणसं येतात. आणि मजकूर? "गुणवत्ता आणि विश्वास" हे अख्ख्या हॉलमध्ये प्रत्येकाने लिहिलेलं असतं. तुम्ही लिहा व्हॉल्व्ह कुठला, कुठल्या साइजपासून कुठल्या साइजपर्यंत, कुठल्या कामासाठी. चालता चालता माणूस दोन-तीन सेकंद वर बघतो, तेवढ्यात त्याला "हे आपल्या कामाचं आहे" एवढं कळलं की बॅनरचं काम झालं.

स्क्रीन मी तुमच्या जागी घेणार नाही. त्याऐवजी एक व्हॉल्व्ह आडवा कापून कट सेक्शन करून घ्या, कडा नीट घासून, कापलेला भाग लाल रंगवून, आणि तो टेबलच्या पुढच्या कडेला असा ठेवा की जाणाऱ्याला हात लावता येईल. मी हे वारंवार बघितलंय. जाणकार माणूस थांबतो, न बोलता हँडल धरतो, पाव फेरी फिरवतो, बॉलचं भोक पाइपच्या रेषेतून बाजूला जाताना बघतो, मग अंगठा त्या पांढऱ्या टेफ्लॉनच्या सीटवर फिरवतो आणि परत एकदा हँडल फिरवून बघतो. त्या वेळेत तुम्ही गप्प राहायचं. तो स्वतःहून पहिला प्रश्न विचारतो, आणि तो प्रश्न नेहमी त्याच्या प्लांटमधल्या त्रासाचा असतो. तिथून पुढे तुम्ही फक्त "सध्या कुठल्या लाइनवर वापरता, काय वाहतं त्यातून?" एवढं विचारलंत की बोलणं सुरू. अशी दहा मिनिटं कुठलाही व्हिडिओ मिळवून देत नाही. तरी स्क्रीन हवीच असेल तर व्हिडिओ पेन ड्राइव्हवर ठेवा, हॉलच्या वाय-फायवर विसंबू नका.

टेबल पुढे आडवं लावून मागे खुर्चीत बसायचं नाही. टेबल बाजूला सरकवा, म्हणजे माणूस आत येऊ शकतो. स्टॉलवर किमान दोघं, त्यातला एक टेक्निकल उत्तरं देणारा हवाच, तिसरा मिळाला तर फारच उत्तम कारण आठ तास उभं राहून माणूस दुपारनंतर गळतो आणि मोबाइलमध्ये डोकं घालतो. बूट रोजचे, सवयीचे घाला.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. शोमध्ये सगळ्यात जास्त नुकसान होतं ते बोलणं झाल्यानंतरच्या एका मिनिटात. कार्ड घेतलं, खिशात टाकलं, पुढचा माणूस आला, आणि संध्याकाळी कार्डांच्या गठ्ठ्याकडे बघून कोण कुठला काहीच आठवत नाही. ऑर्गनायझरचं स्कॅनर अॅप नाव आणि नंबर देतं, झालेलं बोलणं देत नाही. म्हणून अर्ध्या कागदाच्या मापाचं लीड पॅड, म्हणजे संभाव्य गिऱ्हाइकांच्या नोंदीचं पॅड, छापून घ्या, त्यावर एवढंच: आत्ता काय वापरतात, साइज आणि नग, कधी लागणार, निर्णय कोण घेतो, आपण काय पाठवायचं कबूल केलं आणि कोण पाठवणार. कोपऱ्यात ए, बी, सी. ए म्हणजे ज्याची गरज पुढच्या काही आठवड्यांतली आहे तो. माणूस वळला की कार्ड त्या पानाला स्टेपल करायचं आणि लगेच भरायचं, पुढचा माणूस दोन मिनिटं कट सेक्शन बघत थांबेल, काही बिघडत नाही. ए वाल्यांना कबूल केलेली गोष्ट त्याच रात्री गेली पाहिजे. यासाठी कोटेशनचा फॉरमॅट, डेटाशीट, मेलचा मजकूर शोच्या आधीच तयार ठेवा आणि शोनंतरचा आठवडा निदान एका माणसाला दुसरं कुठलंही काम देऊ नका. बहुतेक एक्झिबिटर परत आले की साचलेल्या कामात बुडतात, तीन आठवड्यांनी फोन करतात, तोवर समोरच्याने दुसऱ्याचा माल मागवलेला असतो, आणि मग म्हणतात शो फुकट गेला.

तसंच, येणाऱ्यांची वाट बघत बसू नका, बोलवा. शोच्या तीनेक आठवडे आधी जुन्या गिऱ्हाइकांना आणि ज्यांच्याकडे शिरायचंय त्या कंपन्यांना फोन करून हॉल नंबर, स्टॉल नंबर आणि शक्यतो वेळ ठरवून घ्या. माझ्या अनुभवात चांगली बोलणी बरीचशी याच यादीतून येतात.

खर्चाचं म्हणाल तर जागेचं भाडं हा एकूण खर्चाचा साधारण तिसरा हिस्सा धरून चला, बाकी ग्राफिक्स, वाहतूक, राहणं, वीज, माणसांचे दिवस यात जातो. बुकिंग झालं की तुम्हाला मेल यायला लागतील, व्हिजिटरची यादी विकतो, अधिकृत हॉटेल पार्टनर आहोत, एक्झिबिटर डिरेक्टरीत माहिती अपडेट करून सही करा. ऑर्गनायझरला फोन करून खात्री केल्याशिवाय एकालाही उत्तर देऊ नका, त्या डिरेक्टरीच्या फॉर्मवर तर विशेषतः, बारीक अक्षरात पुढच्या काही वर्षांच्या वार्षिक फीचा करार असतो.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. व्हॉल्व्हमध्ये काही नवीन रचना केली असेल आणि पेटंट घ्यायचा विचार असेल तर अर्ज आधी दाखल करा, मगच स्टॉलवर मांडा. लोकांसमोर मांडलं की नवेपणा गेला असं बहुतेक देशांत धरतात. अमेरिकेत स्वतः उघड केल्यापासून एक वर्षाची सवलत आहे, पण युरोपियन पेटंटला प्रदर्शनाची सहा महिन्यांची सवलत फक्त अधिकृत मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांपुरती आहे, नेहमीचे ट्रेड शो त्यात येत नाहीत. आणि पुढे कधी परदेशातल्या शोला नमुने न्यायचे झाले तर एटीए कार्नेट या कस्टम्सच्या कागदाबद्दल तुमच्या चेंबर ऑफ कॉमर्सला विचारा, परत आणायच्या वस्तू त्यावर ड्युटी न भरता तात्पुरत्या नेता येतात, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. वाटून टाकायचे ब्रोशर आणि गिफ्ट त्यात बसत नाहीत.

सोबत एक पेटी ठेवा: एक्स्टेन्शन बोर्ड, डबल साइड टेप, कटर, केबल टाय, स्टेपलर, मार्कर, ग्लास क्लीनर, फडकं. हॉलमध्ये हे मिळत नाही किंवा दुप्पट भावाने मिळतं.

शेवटच्या दिवशी लवकर आवरायला घेऊ नका. गर्दी ओसरल्यावर काही खरे खरेदीदार निवांत फिरतात, आणि वेळेआधी स्टॉल मोडला तर ऑर्गनायझर दंडही लावतात. शो संपल्याची घोषणा झाली की कामगार, ट्रॉल्या, टेम्पोवाले सगळे एकदम आत घुसतात आणि नमुने गायब होतात ते त्याच तासाभरात, म्हणून एक माणूस शेवटचा खोका बंद होईपर्यंत स्टॉल सोडणार नाही हे आधीच ठरवा, आणि लीड पॅड खोक्यात न टाकता स्वतःच्या बॅगेत ठेवा. त्याच दिवशी ऑर्गनायझरचा माणूस पुढच्या वर्षीच्या बुकिंगचा फॉर्म आणि डिस्काउंट घेऊन येईल. तिथे सही करू नका, त्याला महिन्याभराची मुदत मागा. तोवर ए वाल्यांपैकी किती जणांनी ट्रायल ऑर्डर दिली ते कळलेलं असेल.