नोकरी गेली, हे चारचौघांत कसं सांगू?

प्रश्न

नमस्कार ताई,

मी मूळची कोल्हापूरची, आता मेरीलँडमध्ये जर्मनटाऊनला राहते. एका केंद्रीय सरकारी खात्याचं काम घेणाऱ्या कंत्राटी कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्ट होते. २०२५ मध्ये कंत्राट रद्द झालं आणि आमची अख्खी टीम घरी बसली. ग्रीन कार्ड आहे म्हणून व्हिसाची काळजी नाही, एवढंच बरं.

त्याच खात्यात एक कृष्णवर्णीय बाई होती. पन्नाशीची, सगळी हयात सरकारी नोकरीत गेलेली. तिचीही नोकरी त्याच सुमारास गेली. थोड्याच दिवसांत तिनं लिंक्डइनवर फोटोसकट लिहून टाकलं, की माझी नोकरी गेली, मला अमुक काम येतं. खाली कितीतरी बायकांनी लिहिलं होतं. आता ती बाल्टिमोरला एका विद्यापीठात रुजू झाली आहे. मी मात्र प्रोफाइलवर अजून जुनीच कंपनी ठेवली आहे. आई म्हणते, सासरी कळू देऊ नकोस, महाराष्ट्र मंडळात तर अजिबात बोलू नकोस. अर्जांवर अर्ज करते आहे, कुठून साधं उत्तर येत नाही. ह्या बायकांना संकोच कसा वाटत नाही? त्यांना जमतं ते मला का जमत नाही? आणि फोटोभोवती ती ‘काम हवंय’वाली हिरवी पट्टी लावावी का?

— अ. पा., जर्मनटाऊन

उत्तर

संकोच वाटत नाही, हे तुम्ही नुसती पोस्ट वाचून ठरवलंत. निवृत्त होईपर्यंत मी याच बाल्टिमोर-वॉशिंग्टन पट्ट्यात नोकरभरतीचं काम केलं. माझ्या शेजारच्या टेबलावरची एक कृष्णवर्णीय मैत्रीण पुढे सरकारी नोकरीत गेली आणि केंद्र सरकारच्या २०२५ च्या नोकरकपातीत तीही सापडली. तिच्या पोस्टचा पहिला खर्डा तिनं मला फोनवर वाचून दाखवला होता. नुसता संताप! दुसऱ्यात इतकी कृतज्ञता, की वाचणाऱ्याला वाटावं बाईला बढतीच मिळाली. तिच्या बायकांच्या गटानं दोन्ही खोडून टाकले. तिसऱ्यात फक्त कामाचं उरलं: केवढ्या रकमेची अनुदानं सांभाळली, हाताखाली किती माणसं होती, कुठे काम करायची तयारी आहे, आणि कोणत्या प्रकारच्या संस्थेत कुणाशी ओळख करून हवी आहे. रात्री पोस्ट टाकून तिनं फोन बंद करून ठेवला, कारण चर्चमधली मंडळी काय म्हणतील याची धास्ती तिलाही होतीच. तुमच्या आईला मंडळ, तिला चर्च.

मग तरी का लिहितात? गपचूप अर्ज करून वाट पाहणं त्यांना कधी परवडलंच नाही, म्हणून. मेरिआन बर्ट्रांड आणि सेंधिल मुलैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बॉस्टन आणि शिकागोतल्या जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट बायोडेटा पाठवले होते. पात्रता सारखी, फरक फक्त नावात. २००४ साली निष्कर्ष छापून आले: एमिली, ग्रेग अशी गोरी वाटणारी नावं असलेल्यांना लकीशा, जमाल अशी कृष्णवर्णीय वाटणारी नावं असलेल्यांपेक्षा दीडपट बोलावणी. हे वाचून मी चमकले होते. माझ्या मैत्रिणीला त्यात नवीन काही वाटलं नाही.

यावर त्यांच्या आया-आज्यांनी शोधलेला उपाय म्हणजे सरकारी नोकरी. तीही कुणी ताटात वाढून दिली नव्हती. १९१३ नंतर राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सनच्या सरकारनं खात्याखात्यांत कृष्णवर्णीय कर्मचारी वेगळे बसवले, १९१४ पासून अर्जासोबत फोटो मागायला सुरुवात केली. फोटो कशासाठी, ते सांगायला नको. १९४१ मध्ये कृष्णवर्णीय कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा कुठे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी सरकारी नोकऱ्यांत आणि संरक्षण उद्योगात वंशभेदाला मनाई करणारा हुकूम काढला. पुढे लेखी नियम, ठरलेली वेतनश्रेणी आणि पेन्शन यांच्या जोरावर घरं उभी राहिली. तुमच्या शेजारची प्रिन्स जॉर्जेस काउंटी देशातल्या सर्वांत सधन कृष्णवर्णीय-बहुल काउंट्यांत मोजली जाते, त्यामागे या नोकऱ्यांचा मोठा हात आहे.

कपातीआधी केंद्रीय नोकरवर्गात कृष्णवर्णीय बायका सुमारे १२ टक्के होत्या, देशाच्या एकूण नोकरदारांतल्या त्यांच्या वाट्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून २०२५ ची कुऱ्हाड त्यांच्यावर जास्त जोरानं पडली. जानेवारीत त्यांच्या बेकारीचा दर ५.४ टक्के होता, ऑगस्टमध्ये ६.७ झाला. देशाचा दर तेव्हा ४.३ होता. खासगी कंपन्यांनी २०२० नंतर हौसेनं उघडलेले विविधता विभागही याच काळात गुंडाळायला सुरुवात केली. तिथेही पुष्कळ ह्याच बायका.

आणि पोस्टखाली जमलेल्या त्या बायका काही आकाशातून पडल्या नव्हत्या. नॅशनल असोसिएशन ऑफ कलर्ड विमेन ही त्यांची संघटना १८९६ ची. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली अल्फा कप्पा अल्फा आणि १९१३ साली डेल्टा सिग्मा थीटा या विद्यार्थिनींच्या संघटना निघाल्या. पदवी मिळाली म्हणून त्यांचं सदस्यत्व संपत नाही. साठी ओलांडलेली बाईही सभांना जाते, आणि एखाद्या मुलीचा बायोडेटा पुढे पाठवणं हे आपलं कामच समजते. लिंक्डइननं या जुन्या जाळ्याला फक्त वेग दिला. पोस्ट दिसते, ती कुणी कुणाला खासगीत पाठवली ते दिसत नाही. नोकरी लागते ती बहुधा तिथून.

आता तुम्हाला का जमत नाही ते. तुमचं जाळं लहान नाही, एकाच जागी साचलेलं आहे. सगळी टीम एकदम घरी बसल्यावर एकमेकींना सांगायला नवी बातमी कुठून येणार? मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्येच मांडलं होतं, की नोकरीची खबर जिवलगांपेक्षा लांबच्या ओळखीतून येते. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवरचा अभ्यास ‘सायन्स’मध्ये आला, त्यानं ते थोडं दुरुस्त केलं: सर्वांत उपयोगी पडतात त्या मधल्या ओळखी, फार जवळच्याही नाहीत आणि अगदी परक्याही नाहीत. मुलं असतील तर त्यांच्या शाळेतले पालक, पूर्वी कंपनी सोडून गेलेला मॅनेजर, मंडळाच्या नाटकात तुमच्यासोबत प्रॉम्प्टिंग करणारी बाई. थोडक्यात, आईनं ज्यांना सांगू नकोस म्हटलंय, नेमकी तीच माणसं!

पण त्यांना ‘माझ्यासाठी काही असेल तर बघा’ असं लिहू नका. त्यावर माणूस ‘हो, नक्की’ म्हणतो आणि विसरतो. ‘तुम्ही रुग्णालयाच्या बिलिंग विभागात आहात. मी सरकारी अनुदानांचा डेटा तपासायचे, चुका शोधून अहवाल द्यायचे. तुमच्याकडे असं काम कोण पाहतं? पंधरा मिनिटं बोलता येईल का?’ असं विचारा. नाव सांगणं सोपं असतं, नोकरी देणं कुणाच्याच हातात नसतं. प्रोफाइलवरची खात्याची लघुरूपं काढून टाका. खात्याबाहेर ती कुणाला कळत नाहीत. माझ्या मैत्रिणीचं पहिलं काम तेच होतं, ‘जीएस-१३’ ही सरकारी वेतनश्रेणी पुसून त्या जागी प्रत्यक्ष जबाबदारी लिहिणं. विद्यापीठांवर विसंबू नका, संशोधनाची अनुदानं कापली गेल्यानं तीही हात आखडून आहेत. रुग्णालयं, विमा कंपन्या, अ‍ॅनापोलिसची राज्य कार्यालयं आणि तुमची स्वतःची माँटगोमेरी काउंटी पाहा.

जुन्या कंपनीपुढे शेवटची तारीख आजच टाका. भरती करणारा पडताळणीला एक फोन करतो आणि तिथे खरं कळतं. मग नोकरी जाणं बाजूला राहतं, लपवणं लक्षात राहतं. हिरव्या पट्टीवरून आमच्या धंद्यात दोन तट आहेत. मला विचाराल तर तुमच्यासारख्या अख्ख्या टीमसकट घरी बसलेल्या बाईनं ती खुशाल लावावी, त्यात तुमच्या कामाचा दोष कुणी पाहत नाही. फारच जड जात असेल तर फक्त भरती करणाऱ्यांनाच दिसेल अशी सोय तिथे आहे, त्यात फोटोवर पट्टी येत नाही.

सगळ्यांचं तुमच्या ओळखीच्या बाईसारखं झालेलं नाही, हेही लिहायला हवं. माझ्या मैत्रिणीच्या पोस्टवर बदामांचा पाऊस पडला, मुलाखती हाताच्या बोटांवर. सध्या ती पूर्वीपेक्षा कमी पैशांत कंत्राटावर आहे, पेन्शनचा हिशोब अर्धवट राहिला आहे.

आपल्या दिवाळी पार्ट्यांत ‘त्यांना काय, आरक्षणातून मिळतं’ असं बोललेलं मी अनेकदा ऐकलं आहे. तुमच्या पत्रात तसं काही नाही, पण जिथे ऐकाल तिथे सांगा: ज्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानं आपल्याला या देशाचं दार उघडलं, तो त्यांच्याच नागरी हक्कांच्या लढ्याच्या वर्षांत झाला.

आणि त्या बाईला तुम्ही अजून अभिनंदनाचं लिहिलेलं दिसत नाही. लिहा, पण त्या पत्रात स्वतःसाठी काही मागू नका. तिच्या लिंक्डइन पानावर शिफारस लिहून द्या. तुम्ही तिचं काम जवळून पाहिलंय, तुमच्या डेटातली कोणती चूक तिनं पकडली, कोणता अहवाल वेळेत काढून दिला, ते नावानिशी लिहा. ‘मनमिळाऊ, कष्टाळू’ नको, तसं प्रत्येकीच्या पानावर असतं. तिची विद्यापीठातली नोकरी नवी आहे, तिथल्या वरिष्ठांच्या नजरेला ते पडेल. तुमच्याविषयी तिला काही लिहायचं असेल तर ती विचारेल. तोवर तुमची तारीख दुरुस्त झालेली असू द्या.