क्रोनबाख अल्फा चांगला आला, म्हणजे ज्येष्ठांसाठीची प्रश्नावली तपासून झाली का?

आपला प्रश्न असा आहे की, स्वतःच्या घरी राहणाऱ्या ६५ वर्षांवरील व्यक्तींकडून भरून घेतलेल्या जीवनगुणवत्तेच्या प्रश्नावलीचा अल्फा ०.८८ आला, तर ती वापरण्यास योग्य मानावी का. माझे उत्तर ‘एवढ्यावरून नाही’ असे आहे. उत्तरे एकमेकांशी कितपत जुळतात एवढेच अल्फा सांगतो. एकच प्रश्न शब्द बदलून चारदा विचारला, तरी तो वाढतो. शिवाय तो प्रत्येक उपविभागासाठी वेगळा काढावा लागतो.

मी स्वतः आकडेमोडीच्या आधी कोऱ्या राहिलेल्या उत्तरांकडे पाहतो. एसएफ-३६ या ३६ प्रश्नांच्या आरोग्यविषयक प्रश्नावलीमध्ये धावणे, जड वस्तू उचलणे अशा दमवणाऱ्या हालचालींबद्दल विचारले जाते, आणि निवृत्तीला बरीच वर्षे झालेली व्यक्ती ‘हे मला लागूच नाही’ म्हणून पुढे जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २६ प्रश्नांच्या संक्षिप्त प्रश्नावलीतला लैंगिक जीवनाविषयीचा प्रश्नही अनेकदा असाच सुटतो. अशा जागी सरासरी भरून टाकली की तक्ता पूर्ण दिसतो, पण प्रश्न त्या वयाला बसत नाही ही बाब झाकली जाते. म्हणून मोजक्या ज्येष्ठांसमोर बसून त्यांना प्रत्येक प्रश्न वाचायला लावावा आणि त्यांनी तेच उत्तर का निवडले, हे विचारावे. काठीच्या आधाराने हळूहळू चालणारी बाई ‘चालण्यात काही अडचण नाही’ यावर खूण करते, कारण तिच्या लेखी काठी आहे म्हणून अडचण उरलेली नाही. हे कोणत्याही गुणांकात दिसणार नाही.

दुसरी अडचण कमाल गुणांची. ईक्यू-५डी या आरोग्यस्थितीच्या छोट्या प्रश्नावलीत पाचच पैलू असल्याने, बऱ्यापैकी हिंडते-फिरते ज्येष्ठ पाचही ठिकाणी ‘त्रास नाही’ असे नोंदवतात. सर्वोच्च गुण मिळवणारे १५ टक्क्यांहून अधिक असतील, तर ही मर्यादा ठळक मानण्याचा प्रघात आहे, कारण तिथून पुढची सुधारणा मोजायला जागाच राहत नाही.

पुनर्चाचणी, म्हणजे त्याच व्यक्तींकडून तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेणे, साधारण दोन आठवड्यांनी करावी, मात्र मधल्या काळात पडणे, आजारपण किंवा जोडीदाराचा मृत्यू असे काही घडले का, हे विचारून ज्यांची स्थिती बदललेली नाही त्यांचाच आंतरवर्गीय सहसंबंध गुणांक (दोन्ही वेळचे गुण कितपत तेच राहिले, हे सांगणारा आकडा) काढावा. गटांच्या तुलनेसाठी ०.७० चालतो, एका व्यक्तीबाबत निर्णय घ्यायचा असेल, तर ०.९० च्या आसपास हवा. साधा सहसंबंध इथे वापरू नये, कारण सर्वांचे गुण सारखेच वाढले तरी तो उत्तमच दिसतो.

सप्रमाणतेसाठी, म्हणजे प्रश्नावली खरोखर जीवनगुणवत्ताच मोजते का हे पाहण्यासाठी, अपेक्षा आधीच लिहून ठेवाव्यात: नैराश्याच्या मापनाशी संबंध किती असावा, एकट्या राहणाऱ्यांचे गुण कोणत्या उपविभागात कमी यावेत. निकाल पाहून केलेल्या स्पष्टीकरणाला मी तपासणी म्हणत नाही. आणि नमुना केवळ ज्येष्ठांच्या मंडळात येणाऱ्यांचा असेल, तर घराबाहेर न पडणाऱ्यांकडे जाऊन, शक्यतो घरातली इतर माणसे शेजारी नसताना, तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यावी.