लिफ्ट केलेल्या (सस्पेन्शन उंच केलेल्या) ऑफ-रोड गाडीचा स्वे बार काढून टाकला तर चालेल का?

कायमचा काढू नका. ट्रेलपुरत्या त्याच्या लिंक (बारची टोकं चाकांच्या बाजूला जोडणाऱ्या छोट्या दांड्या) सोडा आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी परत जोडा. स्वे बार म्हणजे आडवा स्टीलचा दांडा, तो डावं-उजवं चाक एकमेकांशी बांधून ठेवतो. खडकावर एक चाक वर चढलं की तो दुसऱ्याला खाली जाऊ देत नाही, चाक हवेत राहतं आणि पकड जाते. पण रस्त्यावर वळताना गाडी कलू न देणारा तोच असतो, आणि लिफ्टमुळे गुरुत्वमध्य आधीच वर गेलेला असतो. अचानक स्टिअरिंग फिरवावं लागलं तर गाडी उलटू शकते, हे खरंच हलक्यात घेऊ नका. जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये पुढचा बार बटणाने सुटतो, पण वेग ताशी साधारण 29 किमीच्या वर गेला की आपोआप परत जोडला जातो. कंपनीचा हिशोब यातून कळतो. लिंक सपाट जागी सोडा, म्हणजे बोल्टवर ताण येत नाही. सुटा बार वर बांधून ठेवा, नाहीतर टायरला किंवा ब्रेक होजला (ब्रेकच्या लवचिक नळीला) घासतो. होजची लांबीही चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना तपासा. मात्र हा फायदा मुख्यतः सॉलिड अॅक्सलवर (दोन्ही चाकं एकाच अखंड आसावर) मिळतो. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्र हलणारं) असेल तर फरक बराच कमी पडतो.