वजन कमी करायचंय, नाश्त्याला अंड्याचा फक्त पांढरा भागच खावा का? आणि कच्चे पांढरे शेकमध्ये टाकले तर चालतील का?

चार अंड्यांच्या नुसत्या पांढऱ्याचं ऑम्लेट रोज खाणं चुकीचं नाहीये, पण सगळे बलक टाकून द्यायची गरजही नाही हो. एका मोठ्या अंड्यात ७२ च्या आसपास कॅलरी, ६ ग्रॅमच्या वर प्रोटीन आणि ५ ग्रॅमच्या आतबाहेर फॅट असतं. त्यातलं फॅट जवळजवळ सगळं बलकात. पांढऱ्यात १७ कॅलरी आणि साडेतीन ग्रॅम प्रोटीन, विषय संपला. पण व्हिटॅमिन ए, डी, कोलीन, ल्युटीन अशी पोषक द्रव्यंही बलकातच असतात ना, ते टाकून देऊन वर गोळ्या घ्यायच्या म्हणजे कमालच.

मी एक अख्खं अंडं आणि दोन पांढरे घेतो. १०५ कॅलरीच्या आसपास होतात, प्रोटीन १३ ग्रॅम आरामात आणि फॅट तेच ५ ग्रॅम. तीन अख्खी घेतली तर फॅट १४-१५ वर जातं.

आता खरा घोळ पॅनमध्ये होतो. एक टेबलस्पून तेल म्हणजे जवळपास १२० कॅलरी, सगळं फॅट, म्हणजे तीन बलकांएवढं! लोक बलक काढतात आणि बाटलीतून अंदाजाने धार सोडतात, वरून चीज किसतात, मग म्हणतात वजन हलत का नाही. तेल चमच्याने मोजा, नॉनस्टिकला अर्धा टीस्पून पुरतो. नुसता पांढरा चिकटतो आणि जास्त गॅसवर रबरासारखा होतो, त्यामुळे गॅस बारीक, कडेने चमचाभर पाणी आणि वर झाकण, मिनिट-दोन मिनिटांत होतं. टोमॅटो, मशरूम आधी परतून पाणी आटवून घ्या नाहीतर ऑम्लेटचा लगदा होतो. आणि भाज्या घालाच, कारण अंड्यात फायबर शून्य, नुसतं अंडं खाल्लं की अकरालाच भूक लागते (निदान मला तरी). उकडलेलं किंवा पोच्ड (फोडून गरम पाण्यात शिजवलेलं) केलं तर तेलाचा प्रश्नच मिटला.

डायबेटिस असेल किंवा कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर रोज किती बलक चालतील ते डॉक्टरांना विचारून ठरवा, एका बलकात १८० मिलिग्रॅमच्या वर कोलेस्टेरॉल असतं.

आणि ते कच्चे पांढरे शेकमध्ये टाकायचं तुम्ही म्हणताय ते नको. कच्च्या पांढऱ्यातलं प्रोटीन शिजवलेल्यापेक्षा बरंच कमी पचतं, त्यातलं अ‍ॅव्हिडिन नावाचं प्रोटीन बायोटिन (एक बी व्हिटॅमिन) अडवून धरतं आणि साल्मोनेला या जंतूंची भीती वेगळीच.